बोर्ड बदलला, मालक तोच

नव्या मशीनवर विंडोज टाकताना गिऱ्हाइकाच्या नावाचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडायचं नाही, हा माझ्या दुकानाचा नियम होता. हाताखाली काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला तो मी पहिल्याच दिवशी सांगायचो. नेटची वायर काढ, लोकल अकाउंट बनव, मालकाचं नाव टाक, पुढे चल. हा नियम आळसातून आलेला नव्हता. त्यामागे मत होतं आणि ते मी चारचौघांत ठासून मांडायचो. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधला माणूस स्वतःच्या पैशाने कॉम्प्युटर घेतो. यंत्र त्याचं, वीजबिल त्याचं, आत भरलेला हिशोब त्याचा. मग ते वापरायला त्याने सातासमुद्रापलीकडच्या कंपनीकडे नाव, फोन नंबर आणि जन्मतारीख का नोंदवायची?

आज मी माझ्या पोरांना उलटं सांगतो. लायसन आधी मालकाच्या खात्याला जोडा, मग बाकीचं. हे कसं झालं ते मला नीट लिहून ठेवायचं आहे. जुनं मत वाऱ्यावरचं नव्हतं, त्याची बरीच कारणं मला आजही पटतात. तरी ते बदललं, आणि ते बदललं आमच्याच भागातल्या माणसांमुळे.

आधी या भागाविषयी सांगायला हवं, कारण इथे मदरबोर्ड फार जातात. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बंद खोलीतला कॅबिनेट उघडला तरी आत ओल जाणवते. विजेचा दाब वरखाली होतो. आणि रसायनं. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास रात्री कोणत्या बाजूने येतो ते इथलं लहान मूलही सांगेल. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनी नदीत कुणी रसायन ओतलं आणि उल्हासनगरच्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं. माणसाला जे बाधतं ते तांब्यालाही बाधतं. रॅम काढली की तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर दिसतो. शाळेतल्या खोडरबराने त्या घासायच्या, मऊ ब्रशने भुगा झाडायचा, रॅम परत दाबून बसवायची. पुष्कळदा तेवढ्यावर डिस्प्ले येतो. पण बोर्डावरच्या केसाएवढ्या रेषांना आणि चिपखालच्या सोल्डरला खोडरबर पोचत नाही. तिथे गंज चढला की बोर्ड गेलाच म्हणायचा.

आणि मग पूर. २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. २०१९ च्या जुलैत, त्याच तारखेच्या रात्री, उल्हास नदी पुन्हा चढली. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. ती गाडी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. बदलापूर पश्चिमेच्या तळमजल्यांमधून नंतर दुकानात आलेले, चिखलाने लिंपलेले कॅबिनेट मात्र आम्हीच पाहिले. हार्ड डिस्क बऱ्याच वाचल्या. बोर्ड फारसे वाचले नाहीत.

बोर्ड बदलणं हे तसं हाताचं काम आहे. जुन्या प्रोसेसरला चालणारा बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणायचा, पंख्याखालची पेस्ट पुसून नवी लावायची, वायरी जागच्या जागी घालायच्या. मशीन सुरू होतं, फोटो दिसतात, हिशोब उघडतो, गिऱ्हाईक सुटकेचा श्वास सोडतं. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं उमटतात: विंडोज ॲक्टिव्हेट करा. गिऱ्हाईक विचारतं, ‘दादा, डिस्क तीच, डेटा तोच, विंडोज पण तेच. मग हे आता काय मागतंय?’

हे मागणं २००१ पासूनचं आहे. विंडोज एक्सपी आलं तेव्हा घरातल्या विंडोजला ॲक्टिव्हेशन लागू झालं. मशीनच्या दहा गोष्टींची खूण घेतली जायची: प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, डिस्प्ले कार्ड, सीडी ड्राइव्ह वगैरे. त्या खुणांचा मिळून एक आकडा बनायचा आणि तो कंपनीकडे नोंदला जायचा. पुढे एखाददुसरी गोष्ट बदलली तर चालायचं, फार बदललं तर विंडोज म्हणायचं की हे मशीनच दुसरं. नेटवर्क कार्डाला त्या हिशोबात इतरांपेक्षा जास्त वजन होतं. आता नेटवर्क, साउंड आणि बहुतेक वेळा डिस्प्लेचं तोंडही बोर्डावरच असतं, म्हणून बोर्ड काढला की खुणांचा मोठा वाटा एकदम जातो. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्याबरोबर डिजिटल लायसन. म्हणजे कित्येक मशीनना २५ अक्षरी की टाकायचीही गरज उरली नाही. मशीनची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली की झालं. सोयीचं होतं, पण ज्या मशीनची नोंद झाली त्याचा बोर्डच मेला, तर नोंदीतलं मशीन जगात उरलंच नाही.

माझा राग इथून सुरू व्हायचा. आम्ही आणतो त्यातल्या स्वस्त बोर्डांवर कारखान्यात स्वतःचा क्रमांकसुद्धा भरलेला नसतो. प्रोग्रॅम चालवून बोर्डाचा सिरियल नंबर विचारला, तर उत्तर येतं: ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’. जागा कोरी आहे, बनवणाऱ्याने भरावी. ज्या बोर्डाला स्वतःची ओळख नाही त्याच्या जिवावर माणसाची मालकी ठरवायची, हे मला अन्याय्य वाटायचं.

शिवाय मी ज्या काळात हे काम शिकलो तो काळच वेगळा होता. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचे वर्ग गल्लोगल्ली निघाले होते. नोकरीच्या आशेने अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणची पोरंपोरी तिथे विंडोज आणि एक्सेल शिकत होती, आणि घरी सराव करायला सेकंड हँड मशीन घेत होती. त्या मशीनवरचं विंडोज कुणी विकत घेतलेलं नसायचं. एक्सपीची एक व्हॉल्यूम की, म्हणजे मोठ्या कचेऱ्यांसाठीची की, तेव्हा जगभर फुटली होती. स्टेशनपासच्या निम्म्या कारागिरांना ती तोंडपाठ होती आणि २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती बंद केली तेव्हा आम्हाला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. शिकायला पैसे नव्हते, म्हणून आम्ही तसे शिकलो. उल्हासनगरला नकली मालाचं गाव म्हणून नावं ठेवणाऱ्यांना मी अजूनही सांगतो, फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित म्हणून हात हलवत आलेल्या लोकांनी इथे बिस्किटांपासून जीन्सपर्यंत सगळं बनवायला घेतलं, ते पाहून पाहूनच शिकले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे लोक थट्टेने म्हणतात. मला त्यात मेहनत दिसते.

लायसनशिवाय विंडोज चालवणारे क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर मी बऱ्याच आधी सोडले. जी फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो ती दुसऱ्याच्या हिशोबाच्या मशीनवर टाकणं मला झोपू देईना. कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ख प्रमाणे नकली प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांचा तुरुंगवास आणि किमान पन्नास हजारांचा दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त दंडावर सोडू शकतं. म्हणजे धोका मी घेत नव्हतो, माझं गिऱ्हाईक घेत होतं. ते थांबलं. पण खात्याविषयीचं मत होतं तिथेच राहिलं. ओरिजिनल घ्या, पण नाव देऊ नका. की माझ्या डायरीत लिहून ठेवतो, मशीनला काही झालं तर मी आहेच.

मत हललं ते बदलापूर पूर्वेच्या एका बाईंमुळे. घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. पावसाळ्यात त्यांचा बोर्ड गेला. कॅपॅसिटरच्या टोप्या फुगलेल्या, एकातून तपकिरी द्रव आलेला. बोर्ड बदलला, त्यांच्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा उघडल्या, आणि कोपऱ्यात ती फिकट अक्षरं आली. मी नेहमीचं सांगितलं. बाई, लायसन बोर्डाबरोबर गेलं, नवं घ्यावं लागेल, नाहीतर या अक्षरांसकट वापरा, काम अडणार नाही.

त्या जरा चाचरत म्हणाल्या, ‘दादा, दिवाळीत मुलगी पुण्याहून आली होती ना, तेव्हा तिने माझ्या ई-मेलने त्यात काहीतरी साइन-इन केलं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून तुम्हाला बोलले नाही.’

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं, ट्रबलशूट दाबलं, आणि ‘या मशीनचं हार्डवेअर मी अलीकडे बदललं आहे’ अशा अर्थाची ओळ निवडली. २०१६ च्या उन्हाळ्यानंतरच्या विंडोज १० मध्ये ही सोय आली, मला ती ठाऊक होती, पण माझ्या कोणत्याच गिऱ्हाइकाला ती लागू होत नव्हती, कारण खातंच नव्हतं. बाईंनी स्वतःचा ई-मेल टाकला. त्यांच्या फोनवर सहा आकडे आले, ते त्यांनी मोठ्याने न वाचता स्वतः टाइप केले. गणित शिकवणाऱ्या बाई आहेत, आकडा कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही हे त्यांना कळतं. पडद्यावर मशीनची यादी आली. ‘डेस्कटॉप’ आणि पुढे काही अक्षरं, असं त्यांचं जुनं मशीन त्यात होतं. ‘आत्ता वापरतोय ते मशीन हेच’ यावर खूण केली. चाक फिरलं. कोपऱ्यातली अक्षरं गेली.

बाईंनी विचारलं, ‘म्हणजे बोर्ड बदलला, तरी मालक मीच ना?’

हो म्हणालो. त्या पैसे देऊन गेल्या आणि मी बराच वेळ विचार करत बसलो. या सगळ्यात मी काय केलं? बोर्ड बसवला, ते माझं काम. पण लायसन परत मिळवलं ते बाईंनी, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावावर. मी नसतो तरी त्यांनी ते केलं असतं. कल्याणच्या दुकानात केलं असतं, पुण्याला मुलीकडे केलं असतं. माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना हे शक्य नव्हतं. त्यांचं लायसन दोनच ठिकाणी होतं: मेलेल्या बोर्डात आणि माझ्या डायरीत.

दुसरी गोष्ट गजानंद मार्केटजवळच्या एका कापड व्यापाऱ्यांची. सत्तरी ओलांडलेले काका, जन्म इथल्याच बराकीतला, मराठी आपल्यासारखं बोलतात. त्यांनी विंडोजचं खोकं विकत घेतलं होतं, म्हणजे रिटेल. रिटेलचं वैशिष्ट्य हे की ते जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, एका वेळी एकाच मशीनवर चाललं पाहिजे एवढीच अट. पण बोर्ड मेला तेव्हा जुन्यावरून काढायची संधी मिळाली नव्हती, आणि की टाकली तर ती दुसऱ्या मशीनवर वापरात असल्याचं उत्तर येत होतं. मग फोनवरून ॲक्टिव्हेशन. पडद्यावर ६३ आकडे आले, सात-सातचे नऊ गट. काका चष्मा कपाळावर चढवून एकेक गट वाचत होते आणि मी फोनवर दाबत होतो. पलीकडून उलट ४८ आकडे आले, सहा-सहाचे आठ गट. ते त्यांनी दुकानाच्या वहीत, मापं लिहितात त्याच शिस्तीने, एकाखाली एक उतरवले. एक गट चुकीचा ऐकला गेला, तो पुन्हा मागितला. शेवटी चालू झालं.

मला लक्षात राहिली ती त्यांची फाइल. प्लॅस्टिकची, चेन असलेली. विंडोजच्या खोक्यातलं कीचं कार्ड त्यांनी तिच्यातून काढलं. आत आणखी काय होतं ते मी पाहिलं: गुमास्ता लायसन, जीएसटीचं प्रमाणपत्र, वीजबिलं, आणि सगळ्यांत मागे, दोन कव्हरांत घातलेली, वडिलांच्या नावची सनद. मी म्हटलं, काका, विंडोजचं कार्ड सनदेबरोबर? ते म्हणाले, ‘बेटा, घर पडलं तर परत बांधता येतं. सनद नसेल तर घर कोणाचं होतं हेच कोणी विचारत नाही.’

उल्हासनगरच्या बाहेरच्या वाचकाला हे वाक्य नीट पोचायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच हे पत्ते मात्र आजही छावणीचेच आहेत. मागे टाकून आलेल्या घरादाराच्या बदल्यात मिळालेल्या जागेची मालकी सांगणारा कागद म्हणजे सनद. नंतर बराकी पाडून त्यांवर माळे चढले, बरेच परवानगीशिवाय. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि या एकाच शहरातली बेकायदा बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. इमारती जुन्या होत गेल्या. २०२१ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. वाचलेली बाहेर रस्त्यावर उभी राहिली तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो कागदाचा. सगळे आपापल्या घरातच राहत होते, कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते शेजाऱ्यांना ठाऊक होतं. पण इमारत उभी असेपर्यंतच तेवढं पुरतं. ती पुन्हा बांधायची म्हटली की नाव लिहिलेलं लागतं.

मदरबोर्ड ही अशीच इमारत आहे, हे मला काकांच्या फाइलने दाखवलं. चालू आहे तोवर आत कोण राहतं ते कुणी विचारत नाही. नाव नोंदवलं नाही म्हणून काही बिघडत नाही, उलट मोकळं वाटतं. ती मोकळीक मी माझ्या गिऱ्हाइकांना अभिमानाने देत होतो. आणि बोर्ड गेल्यावर त्यांना सांगत होतो की आता हातात काही नाही, माझ्याकडे या. कंपनीपासून मी त्यांना सोडवत होतो आणि माझ्याशी बांधत होतो. मी प्रामाणिक आहे म्हणून ते चाललं. पण माणसाची वस्तू त्याच्या कारागिराच्या प्रामाणिकपणावर टिकून राहावी, ही काही व्यवस्था झाली नाही. उद्या मी दुकान बंद केलं तर?

२०१९ च्या पुरातले कॅबिनेट मला मग नव्याने आठवले. विंडोज ७ च्या काळात की एका स्टिकरवर छापून कॅबिनेटच्या कडेला चिकटवलेली असायची. चिखल पुसला की खाली स्टिकर असायचं, पण त्यावरची अक्षरं उडालेली. काहींची तर पुराआधीच, उन्हाने आणि हाताच्या घामाने. ज्यांनी पैसे मोजले होते आणि ज्यांनी मोजले नव्हते, त्या दोघांची मशीन माझ्या टेबलावर सारखीच दिसत होती. पैसे मोजणाऱ्याजवळ ते सिद्ध करायला काहीच नव्हतं.

आता काम घेण्याची पद्धत बदलली आहे. मशीन जिवंत असतानाच, साध्या साफसफाईला आलं असलं तरी, मी आधी लायसन कोणतं आहे ते पाहतो. काळ्या खिडकीत एसएलएमजीआरची एक कमांड मारली की ते रिटेल आहे, ओईएम (ब्रँडेड मशीनबरोबर आलेलं) आहे की व्हॉल्यूम, ते समोर येतं. हे मालकाला पडद्यावर दाखवतो. कित्येकांना धक्का बसतो, कारण ‘ओरिजिनल’ म्हणून पैसे घेऊन कुणीतरी व्हॉल्यूमचं लायसन टाकलेलं असतं. ते मोठ्या कचेऱ्यांसाठी असतं आणि त्याच्या एका प्रकाराला दर १८० दिवसांत मूळ संस्थेच्या सर्व्हरकडे जाऊन हजेरी लावावी लागते. घरातल्या मशीनवर ते दिसलं की फसवणूक झाली हे समजायचं. ऑनलाइन पाचशे-सातशेला मिळणाऱ्या कींचीही बहुधा हीच गत.

लायसन खरं असेल तर मालकाने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या ई-मेलने खातं उघडायचं. पासवर्ड मला सांगायचा नाही, माझ्या पोरांनी विचारायचा नाही. लायसन जोडलं गेल्याची ओळ ॲक्टिव्हेशनच्या पानावर दिसते, ती त्यांना वाचून घ्यायला लावतो. मग ज्यांना रोजचा वापर लोकल अकाउंटवरूनच हवा असेल त्यांना तो परत तसा करून देतो, जोडणी तरीही राहते. हे मला आधी नीट उमगलं नव्हतं. माझा विरोध रोज खात्यातून आत जाण्याला होता आणि नाव नोंदवण्याला मी त्यातच धरत होतो.

विंडोज ११ च्या मशीनला आणखी एक कारण आहे. खात्याने साइन-इन केलं की पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मालकाच्या खात्यात असते. खातं कुणाचं ते आठवत नसेल, दुकानदाराने स्वतःच्याच ई-मेलने उघडून दिलं असेल, तर डिस्क शाबूत असूनही मुलाच्या बारशाचे फोटो गेले. दुकानदाराच्या ई-मेलने उघडलेली अशी खाती मी पाहिली आहेत. ते माझ्या जुन्या नियमापेक्षाही वाईट आहे. म्हणून ही की कागदावर छापून घरच्या कागदपत्रांत ठेवायला सांगतो. माझी डायरी मी बंद केली, त्यातल्या कीज ज्याच्या त्याला लिहून दिल्या.

ज्यांच्याकडे लायसन नाही आणि घ्यायची ऐपत नाही, त्यांना मी लिनक्स मिंट टाकून देतो. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकत आहेत, तेव्हा आपल्या मुलांना ते जमणार नाही असं कुणी मला सांगू नये. मराठी टायपिंग होतं, अभ्यास होतो, व्हिडिओ दिसतात. टॅली हवं असलेल्याला मात्र विंडोजशिवाय गत्यंतर नाही, हे मी लपवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट सर्वसाधारणपणे थांबले आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. म्हणून जुन्या मशीनचा बोर्ड गेला, की बदलायचा की नाही हाच प्रश्न आता आधी येतो. मिंटवर चालवायचं असेल तर खुशाल बदला.

काही बाबतीत मी तसूभरही हललेलो नाही. खातं उघडणं ही मालकाची निवड असावी. विंडोज ११ सुरू होतानाच ते सक्तीने मागतं, ते चूक आहे. आणि ओईएमची अट मला आजही मान्य नाही. ब्रँडेड मशीनबरोबर जे विंडोज येतं त्याची किंमत मशीनच्या किमतीत धरलेली असते. करार म्हणतो, हे लायसन या मशीनपुरतं. वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलून दिला तर चालतं. वॉरंटी संपल्यावर माझ्यासारख्याने दुसऱ्या बनावटीचा बोर्ड टाकला, तर त्या कराराच्या हिशोबाने ते मशीनच नवं आणि लायसन संपलं. खात्याला जोडलेलं असलं तरी इथे हमी नाही. बदलापूरच्या बाई सुटल्या, कारण त्यांचं मशीन असेंबल्ड आणि विंडोज रिटेल होतं. तेच ब्रँडेड असतं तर मी त्यांना काय सांगणार होतो? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली मायक्रोसॉफ्टच्याच प्रकरणात ठरवलं की ओईएम प्रत एकदा बाजारात विकली गेली की ती मशीनशिवाय विकू नका असं कंपनी पुढच्यांना सांगू शकत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये डाउनलोड करून विकलेल्या सॉफ्टवेअरलाही हेच तत्त्व लावलं: कायमच्या वापरासाठी विकलं, तर ते घेणाऱ्याचं झालं.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं यांचे सुटे भाग आणि माहितीपत्रकं बाहेरच्या कारागिरालाही मिळावीत, असं त्यात बोललं जातं. ते हवंच. पण बोर्ड मिळाला, बसवता आला आणि त्यावर चालणारं पैसे देऊन घेतलेलं विंडोज गेलं, तर दुरुस्ती अर्धीच झाली. वॉरंटीनंतर, कुणाच्याही हातून, कोणत्याही बनावटीचा बोर्ड बसला तरी ओईएम लायसन मालकाकडेच राहील, हे नियमात लिहिलं गेलं पाहिजे. निदान विकताना बिलावर, मराठीत, लायसन कोणत्या प्रकारचं आहे आणि बोर्ड बदलला तर त्याचं काय होईल ते छापणं सक्तीचं करा. माझ्या दुकानाच्या बिलावर या दोन ओळी आम्ही छापायला सुरुवात केली आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या ओळखीच्या दुकानदारांनाही तोच मसुदा दिला आहे.